शुक्रवारचा गोड पाव

हिल्ला रिंतामाकी माझ्या खोलीत पहिल्यांदा आली ती मदत मागायला नव्हे. विद्यापीठातून नाव काढून घ्यायचं तर काय करावं लागतं, एवढंच तिला विचारायचं होतं. पण कोट तिने बाहेरच्या खुंटीवर टांगला होता. दोन मिनिटांचं काम असलेला माणूस कोट काढत नाही.

मी विद्यापीठाची मानसशास्त्रज्ञ. त्याआधी रसायनशास्त्र शिकले, काही वर्षं प्रयोगशाळेत काढली, आणि परीक्षानळ्यांपेक्षा त्या धरणाऱ्या माणसांकडे आपलं लक्ष जास्त जातं हे कळल्यावर इकडे वळले. माझ्या खोलीत दोन खुर्च्या आहेत आणि दोन्हींची तोंडं खिडकीकडे आहेत. पूर्वी त्या समोरासमोर होत्या. मुलं यायची, माझ्याकडे बघायला लागू नये म्हणून चटईकडे बघत बसायची आणि आभार मानून जायची. मग मी खुर्च्या फिरवल्या. आता मी आणि येणारा, दोघंही कल्लावेसी तलावाकडे बघतो. तलाव मोठा आहे, दोघांचं बघणं त्यात सहज मावतं.

"नाव काढता येतं," मी म्हटलं. "अवघड नाही. घाई आहे का?"

"नाही. म्हणजे, आहे. बर्फ जायच्या आत."

एप्रिल लागला होता. तलाव अजून पांढरा होता, पण काठाकाठाने राखाडी पट्टा दिसायला लागला होता. दूरवर दोनतीन म्हातारे बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसले होते.

"बर्फाचा काय संबंध?"

"तिथूनच काढला होता तो गाळ," ती तलावाकडे बघत म्हणाली.

मग हळूहळू बाहेर आलं. तिचं शेवटचं वर्ष. तलावाच्या तळाशी दरवर्षी गाळाचा एक पातळ थर बसतो. बर्फाला गिरमिटाने भोक पाडून लांब नळी तळात खुपसली की ते थर एकावर एक जसेच्या तसे वर येतात. नळी मात्र शेवटपर्यंत उभीच धरावी लागते. बर्फ गेला की पुढच्या हिवाळ्यापर्यंत हे काम होत नाही. मार्चमध्ये ती आणि प्रयोगशाळेतले तिघं असे चौघं बर्फावर गेले, दिवसभर थंडीत राबले आणि एक सुंदर नळी घेऊन परत आले. हिल्लाच्या प्रबंधाची नळी, म्हणून ती हिल्लानेच हातात घेतली. बुटांना बर्फ चिकटलेला होता. प्रयोगशाळेच्या जिन्यावर पाय सटकला.

"तीनशे वर्षं," ती म्हणाली. "सगळी पायऱ्यांवर. वरच्या पायरीवर माझ्या आजोबांचा काळ, खालच्या पायरीवर इथे स्वीडनच्या राजाचं राज्य होतं तेव्हाचा."

मला हसू येत होतं. ती हसत नव्हती, म्हणून मी ते आवरलं.

"मग काय झालं?"

"राइलीने पुसणं आणलं. योनाने फुटलेली नळी उचलली. ताइस्तो वर उभा होता. त्याने बघितलं आणि तो आत गेला."

ताइस्तो म्हणजे तिचा प्राध्यापक, राइली प्रयोगशाळेची सहायिका आणि योना तिच्या पुढचा, पीएचडी करणारा. इथे प्राध्यापकालाही सगळे नावानेच हाक मारतात, अरेतुरे करतात.

"ते काय म्हणाले?"

"काही नाही."

"कुणीच?"

"कुणीच! आम्ही तिघांनी मिळून जिना पुसला, एक शब्द नाही. आमच्या गावाकडे असं झालं असतं ना, तर बाबांनी अशी शिवी हासडली असती की शेजारच्यांची गाय आटली असती. आणि मग आम्ही जेवायला बसलो असतो."

हिल्ला पश्चिमेकडच्या सपाट मैदानातली. तिकडची माणसं मनात येईल ते तोंडावर बोलतात. इथली सावो प्रांतातली माणसं एक तर वळसे घेऊन बोलतात, नाहीतर बोलतच नाहीत.

"म्हणजे इथले लोक शिव्या देत नाहीत, याचं तुला वाईट वाटलं?"

"इथले लोक काहीच देत नाहीत!" ती म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला.

त्या दिवसापासून ती प्रयोगशाळेत गेली नव्हती. आधी एक दिवस, मग आठवडा, मग जाणं दिवसेंदिवस अवघड होत गेलं. आणि तिकडून एकही फोन आला नव्हता, एकही निरोप नाही. कुणी विचारलंच नव्हतं की बाई गं, आहेस कुठे.

"सुटले एकदाचे," ती म्हणाली. "त्यांना असंच वाटत असणार."

मी तिला झोपेचं विचारलं, जेवणाचं विचारलं. जगणं नकोसं वाटतं का, हेही सरळ विचारलं. ते विचारायचंच असतं. ती म्हणाली, तसं नाही, फक्त त्या जिन्यावरून पुन्हा चढायला नको वाटतं. मला जरा हलकं वाटलं. जिन्याला काही उपाय असतो.

"हे बघ," मी म्हटलं, "तुझ्याकडे निरीक्षण एकच आहे. ते गप्प आहेत. त्यावरून तू निष्कर्ष काढलास की ते रागावलेत. पण याच निरीक्षणाला दुसरंही काही कारण असू शकतं."

"कोणतं?"

"ते मला माहीत नाही. तुलाही नाही. एका आकड्यावरून तू आलेख काढलास तर ताइस्तो काय म्हणेल?"

"'असंही असू शकेल,'" ती प्राध्यापकाच्या संथ सुरात म्हणाली. "तो सगळ्यालाच असंही असू शकेल म्हणतो."

ते हसू नव्हतं, पण हसण्याच्या गावाच्या वेशीपर्यंत ती आली होती.

माझं एक साधं तंत्र आहे. जिथे जायची भीती वाटते तिथे कामाला जायचं नाही, नुसतं जायचं. प्रत्येक विभागात दुपारी दोनला कॉफी असते. कितीही मोठा शोध लागत असला तरी दोन वाजले की हातातलं ठेवून सगळे तिथे येतात. मी म्हटलं, शुक्रवारी कॉफीला जा. एक कप. कॉफी प्यायची आणि परत यायचं. काही सांगायचं नाही, माफी मागायची नाही, काम करायचं नाही. त्यानंतरही नाव काढावंसं वाटलं तर काढू.

तिने बर्फावरच्या म्हाताऱ्यांकडे बघितलं. मग म्हणाली, "कप नसला तर?"

"म्हणजे?"

तिथे प्रत्येकाचा स्वतःचा कप भिंतीवरच्या आकड्याला टांगलेला असतो. कुणी सोडून गेलं की राइली त्याचा कप काढून खालच्या कपाटात ठेवते आणि आकडा पुढच्या माणसाला मिळतो. हिल्लाचा कप निळा. त्यावर सांबर होतं, धुऊन धुऊन त्याचं एक शिंग पुसलं गेलं होतं.

"कप काढलेला असला तर मला उत्तर मिळालं," ती म्हणाली. "मग मी तिथूनच परत फिरेन."

"ठीक आहे. पण मग आलेखाला निदान दोन आकडे तरी होतील."

एक गोष्ट मी तिला तेव्हाच सांगून टाकली. राइली माझ्या ओळखीची आहे. आम्ही दोघी मंगळवारी तलावाच्या काठच्या बर्फाच्या भोकात पोहायला जातो. मी तिला काही सांगणार नाही आणि काही विचारणारही नाही. हिल्लाने मान हलवली.

वचन देणं सोपं होतं. एका फोनमध्ये मला कळलं असतं की ते लोक रागावलेत का. रागावलेले असतील तर मी एका खचलेल्या मुलीला त्यांच्या मधोमध नेऊन बसवणार होते. ती परत फिरली तर पुन्हा कुठल्याच जिन्यावर चढणार नाही, हे मला दिसत होतं. पण फोन करायचा नव्हता.

मंगळवारी कपडे बदलायच्या खोलीत राइली लोकरी टोपी कानावर ओढत होती. मी हवेबद्दल बोलले. ती म्हणाली, "हवेचं सोड. आमच्याकडे शुक्रवार म्हणजे शोकसभा झालीय."

"का?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"गोड पाव नाही."

शुक्रवारी कॉफीबरोबर वेलदोड्याचा गोड पाव असतो. तो कुणीतरी घरून भाजून आणतं. सगळ्या विभागांत तसंच आहे.

"दुकानात मिळतो की," मी म्हटलं.

"दुकानात सगळंच मिळतं," राइली म्हणाली आणि शिडीवरून मानेपर्यंत काळ्या पाण्यात उतरली.

आणखी एक प्रश्न विचारायचा मला फार मोह झाला. मी तोही पाण्यात बुडवला. पाणी इतकं थंड होतं की ते जमलं.

शुक्रवारी हिल्ला माझ्या दारात उभी राहिली. केस विंचरलेले, चेहरा पांढराफटक.

"तू येशील?" तिने विचारलं. "आत नाही. इमारतीपर्यंत."

आम्ही निघालो. वाटेतला बर्फ वितळून पाणी झालं होतं, छपरांवरून थेंब पडत होते. इमारतीच्या दाराशी ती थांबली आणि म्हणाली, "जिन्यापर्यंत."

जिन्याखाली एक घसरगाडी उभी होती. तिच्यावर सगळं सामान दोरीने व्यवस्थित बांधलेलं होतं: गिरमिट, बर्फ उपसायचा झारा, लांब रिकामी नळी. हिल्ला जागच्या जागी गोठली.

"चाललेत ते," ती पुटपुटली. "माझ्याशिवाय. दुसऱ्या कुणाला तरी दिला माझा तलाव."

"असंही असू शकेल," मी म्हटलं.

"तू त्याच्यासारखं बोलू नकोस!"

ती दाराकडे वळली. तिने दाराच्या मुठीवर हातही ठेवला. मी तिला अडवलं नाही. अडवून वर नेलेलं माणूस वर पोचलं असं म्हणता येत नाही. मी फक्त पहिल्या पायरीवर बसले, कारण गुडघे दुखत होते. पायरीच्या फटीत काळा गाळ अजून होता.

"हा कुणाच्या काळातला?" मी विचारलं.

तिने वळून बघितलं. वाकली, नखाने टोकरलं. "स्वीडनच्या राजाच्या," ती म्हणाली. मग तशीच उभी राहून तिने वर बघितलं. "कप बघते. फक्त कप. तू चल वर."

कॉफीची खोली जिन्याच्या डोक्यावरच होती. दार उघडं, आत कुणी नव्हतं, दोनला थोडा वेळ बाकी होता. भिंतीवर आकड्यांची रांग. मी हिल्लाच्या मागे होते, त्यामुळे मला आधी तिचे खांदे दिसले. ते खाली आले.

निळा कप तिथेच होता. तिने तो काढून आत बघितलं, बोट फिरवलं. धूळ नव्हती.

"धुतलाय," ती म्हणाली. "कुणीतरी धुतलाय."

"शुक्रवारी सगळेच कप धुते मी," मागून आवाज आला. "एक सोडायचा म्हणजे हाताला उगाच चुकल्यासारखं होतं."

राइली दारात उभी होती. तिने हिल्लाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि जणू आम्ही दोघी रोजच येतो अशी कॉफी टाकायला गेली. तिच्या मागून योना आला, उंच, खांदे वाकलेला. "हाय," तो म्हणाला. मग ताइस्तो. त्याने मान किंचित हलवली आणि खिडकीजवळच्या आपल्या जागी बसला. मी कोण हे कुणीही विचारलं नाही. मला पाहुण्यांचा कप मिळाला. त्यावर कसल्याशा सांडपाणी परिषदेचं नाव होतं.

आम्ही पाच जण टेबलाभोवती बसलो. कॉफी ओतली गेली. टेबलाच्या मधोमध एका ताटलीत सुक्या काळ्या पावाच्या कडक चकत्या होत्या. योनाने एक उचलली, तिच्याकडे दुःखाने बघितलं आणि चावली. तो आवाज खोलीभर झाला.

हिल्ला कपात बघत होती. मी मनातल्या मनात म्हणत होते, कुणीतरी बोला. हवेबद्दल बोला, कशाबद्दलही बोला.

"आज शुक्रवार ना?" शेवटी हिल्लानेच विचारलं. "गोड पाव कुठाय?"

तिघांनीही आपापल्या कपात डोकं घातलं. योनाचे कान लाल झाले.

"पावाचा नंबर कुणाचा आहे?" तिने पुन्हा विचारलं.

"नंबर भिंतीवरच्या कपांच्या रांगेने असतो," राइली म्हणाली. "तुला माहीतच आहे."

हिल्लाने भिंतीकडे बघितलं. मीही बघितलं. योनाचा आकडा, मग हिल्लाचा, मग ताइस्तोचा.

"मागच्या वेळी मी आणला होता," योना ताटलीला म्हणाला. "गाळाच्या... त्या आठवड्यात."

"तेव्हापासून?" हिल्लाचा आवाज चढला. "तेव्हापासून तुम्ही हे खाताय?"

"पोटाला चांगलं असतं," ताइस्तो म्हणाला.

"अरे पण पुढच्याने आणायचा ना! ताइस्तो, तू आणायचास!"

प्राध्यापकाने कप फिरवला. मग खिडकीकडे बघत म्हणाला, "आणता आला असता, म्हणायला गेलं तर. पण तुझा नंबर ओलांडायचा म्हणजे... तू नाहीस असं ठरवल्यासारखं झालं असतं. ते काही आम्ही ठरवलं नव्हतं."

"मग मला विचारायचंत!"

"विचारणार होतो," राइली म्हणाली. "पण आधी म्हटलं, पोरीला दोन दिवस शांतता द्यावी. कुणाला आपल्या मागे लागलेलं आवडतं? मग दोन दिवसांचे आठ झाले. मग म्हटलं, आता विचारलं तर तिला वाटेल, मेले पावासाठी विचारतायत."

हिल्लाच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. योना दचकून उठला. ती हसत होती आणि रडत होती, दोन्ही एकदम, आणि नाक पुसायला काही नव्हतं म्हणून राइलीने तिला भांडी पुसायचं फडकं दिलं.

"मला वाटलं तुम्ही रागावलात," ती फडक्यातून म्हणाली.

"मी रागावलो होतो," योना म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

"खरं तेच सांगतोय. माझी बोटं गोठली होती त्या नळीपायी. संध्याकाळी घरी जाऊन मी उशीला बुक्के मारले." त्याने खांदे उडवले. "मग जेवलो."

हिल्लाने फडकं खाली केलं आणि योनाकडे असं बघितलं की जणू त्याने तिला काही बक्षीस दिलं होतं. "हे तू तेव्हाच का नाही बोललास, गाढवा?"

"बरं दिसलं नसतं."

"तीनशे वर्षं सांडली मी, ताइस्तो," ती प्राध्यापकाकडे वळून म्हणाली.

"तळाशी अजून आहेत," तो म्हणाला. "तलाव काही कुठे गेलेला नाही."

"आणि ती खालची गाडी?"

"ती उभी आहे."

"कुणासाठी?"

उत्तर द्यायला प्राध्यापकाला वेळ लागत होता, म्हणून योनाने दिलं. "दर सोमवारी मी गिरमिटाचं पातं तपासतो. इतकी धार झालीय की दाढी करता येईल. तुझी नळी आहे, तुझ्याशिवाय कोण काढणार?"

"पण बर्फ? बर्फ किती दिवस धरेल?"

ताइस्तोने बाहेर बघितलं. राखाडी पट्टा, त्यापलीकडचा पांढरा पसारा, त्यावरचे गळ टाकणारे म्हातारे. "धरेल म्हणावं तर धरेल," तो म्हणाला. "नाही म्हणावं तर..."

"ताइस्तो!" हिल्लाने टेबलावर हात आपटला. कप खणखणले. "सरळ सांग!"

राइलीचं तोंड उघडंच राहिलं. प्राध्यापकाने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"सोमवारी," तो म्हणाला. "त्यानंतर मी कुणाला पाठवणार नाही."

"मग सोमवारी," हिल्ला म्हणाली आणि एक कडक चकती उचलून कडाकड खायला लागली.

मी कॉफी संपवली आणि निघाले. कुणी निरोप दिला नाही, फक्त राइलीने माझा कप घेताना हळूच म्हटलं, "मंगळवारी." जिना उतरताना माझे गुडघे अजिबात दुखत नव्हते. शास्त्रीयदृष्ट्या याचा काही संबंध नाही.

सोमवारी सकाळी एक पहिल्या वर्षाचा मुलगा माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला होता आणि आम्ही दोघं खिडकीतून बघत होतो. बर्फावर लांब चार ठिपके दिसत होते, आणि त्यांच्याजवळ एक गाडी. तो मुलगा बोलायचा थांबला.

"ते काय करतायत?" त्याने विचारलं.

"चिखल काढतायत."

दुपारी ते परतले तेव्हा मी एकटी होते. योना पुढे गाडी ओढत होता. राइली काठीने बर्फ ठोकून वाट दाखवत होती. प्राध्यापक सगळ्यात मागे. मधे हिल्ला चालत होती. नळी तिने गाडीवर ठेवलीच नव्हती. दोन्ही हातांनी ती उभी छातीशी धरून, एकेक पाऊल टाकत ती येत होती, झोपलेलं मूल उचलून आणावं तशी. काठाजवळ ती थांबली. तिथे बर्फावर पाणी होतं. ताइस्तो पुढे झाला, नळीला हात न लावता तिच्या कोपराखाली हात धरून उभा राहिला. दोघं काठावर चढले. मग ते झाडांमागे गेले.

जिना मला माझ्या खिडकीतून दिसत नाही. म्हणून तो दिवसभर माझ्या डोक्यात राहिला. मंगळवारी पोहायला गेले तेव्हा राइली आधीच पाण्यात होती. मी काही विचारलं नाही.

"बूट काढून चढली," ती स्वतःहून पाण्यातून म्हणाली. "मोज्यांवर. आम्ही सगळेच मोज्यांवर चढलो. प्राध्यापकाच्या मोज्याला भोक होतं."

त्याच आठवड्यात तलावावर जायला बंदी झाली आणि गळ टाकणारे म्हातारे घरी गेले. हिल्ला मे महिन्यात एकदा माझ्याकडे आली, झोपेबद्दल बोलायला. नाव काढायचा विषय निघाला नाही.

त्याआधी, ती नळी आली त्याच्या पुढच्याच शुक्रवारी, मी बैठकीतून परतले तर माझ्या खोलीच्या दाराच्या मुठीला एक कागदी पिशवी लटकत होती. आत कुणाचं नाव नव्हतं, नुसता वेलदोड्याचा गोड पाव होता, अजून कोमट. मी खिडकीशी उभं राहून तो खाल्ला. खालून चांगलाच करपला होता. मैदानातल्या माणसांची भट्टी जरा तापटच असते. तरी मी शेवटचा तुकडासुद्धा सोडला नाही.

बैठक बाजूच्याच खोलीत होती. तिने दार वाजवलं असतं तर मला ऐकू आलं असतं. तिने वाजवलं नव्हतं. इथे राहून तीही आता इथली झाली होती.